डकोटातली बाँड सेवा

रात्री गाडीला प्लग लावून झोपायचं असतं, हे मला नॉर्थ डकोटात आल्यावर कळलं. गाडी इलेक्ट्रिक नाही हं, साधी पेट्रोलचीच. उणे तीसमध्ये इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट होतं, म्हणून इंजिनाला एक हीटर असतो आणि त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर लोंबत असते. पहिल्या हिवाळ्यात व्हिडिओ कॉलवर अण्णांना ती वायर दाखवली. थोडा वेळ बघून म्हणाले, "म्हशीला दावं बांधल्यासारखं दिसतंय. ह्याच्यासाठी गेलीस का अमेरिकेला?"

खरं सांगायचं तर दावं मलाही आहे. तीन वर्षांचं.

आमच्या अंबाजोगाईच्या कॉलेजच्या नावातच 'ग्रामीण' हा शब्द आहे. एमबीबीएस झाल्यावर बाँड म्हणून, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा म्हणून, बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्ष काढलं. बॅचमधले निम्मे जण दंड भरून सुटता येईल का, याचा हिशोब करत होते. नंतर अमेरिकेच्या परीक्षा, मॅच (म्हणजे रेसिडेन्सीची जागा ठरवणारी प्रक्रिया), तीन वर्षं इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी, दोन वर्षं नेफ्रॉलॉजीची फेलोशिप. एवढं करून किडनीची स्पेशालिस्ट झाले आणि पुन्हा गावातच येऊन पडले. फरक एवढाच की अंबाजोगाईत बाँड चुकवायला धडपड चालायची, इथे तो मिळवायला चालते.

त्याचं मूळ जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसात आहे. आपल्याकडचे बरेच डॉक्टर रेसिडेन्सीला याच व्हिसावर येतात, कारण बहुतेक हॉस्पिटलांना तो सोपा पडतो. अट अशी, की प्रशिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी परत जायचं, त्याशिवाय एच-१बी हा नोकरीचा व्हिसा नाही आणि ग्रीन कार्डही नाही. जे-१ घेतानाच दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं. देशाला या विषयातल्या डॉक्टरांची गरज आहे आणि संबंधित डॉक्टरने परत येण्याची लेखी हमी दिली आहे, असं त्यात असतं. मीही तशी हमी दिली होती. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, लिहून दिलेल्या शब्दाला त्यांच्या लेखी वजन आहे. वेव्हरची, म्हणजे परत जाण्याची अट माफ झाल्याची, बातमी सांगितली तेव्हा त्यांनी आधी तेच विचारलं, "परत येते म्हणून लिहून दिलं होतंस ना?" याचं नीट उत्तर मला अजून देता आलेलं नाही. कायद्यात पळवाट नाही, रीतसर वाट आहे, हे मी वकिलासारखं सांगू शकते. पण अण्णांनी कायद्याचं विचारलं नव्हतं.

त्या रीतसर वाटेला लोक 'कॉनराड' म्हणतात. केंट कॉनराड हे याच नॉर्थ डकोटाचे तेव्हाचे सिनेटर. गावात डॉक्टर टिकत नाही, हे दुखणं त्यांच्या राज्याला चांगलंच ठाऊक. १९९४ मध्ये ही योजना आली तेव्हा प्रत्येक राज्याला वर्षाला २० जागा होत्या, पुढे त्या ३० झाल्या. डॉक्टरांची टंचाई म्हणून सरकारने ठरवलेल्या भागात तीन वर्षं, आठवड्याला किमान ४० तास काम करायचं, त्या बदल्यात परत जाण्याची अट माफ. शिवाय असं वेव्हर मिळालेल्याला एच-१बीच्या लॉटरीत उतरावं लागत नाही. योजना कायमची नाही, काँग्रेस, म्हणजे इथली संसद, दरवेळी मुदत वाढवते आणि दरवेळी फेलो लोकांचा जीव टांगणीला लागतो.

आता नोकरी शोधण्याचं. नात्यातल्या दोन-तीन मुलामुलींनी विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली चूक मी जाहिराती वाचून केली. 'व्हिसा स्पॉन्सर करू' असं वाचलं की हुरळून जायचे. फोनवर कळायचं, ते फक्त एच-१बी देतात. ज्याला आधी वेव्हरच हवं, त्याला त्या एच-१बीचा उपयोग शून्य. काही रिक्रूटरांना तर दोन्हींतला फरकच माहीत नसतो. त्यामुळे पहिल्या फोनच्या पहिल्या दोन मिनिटांत विचारायचं: आजवर तुम्ही किती जे-१ वेव्हर केलेत, शेवटचं कधी केलं आणि तुमचा वकील कोण? गप्पा, पगार, गावातला तलाव, सगळं त्यानंतर.

दुसरा धडा महागात पडला. दक्षिणेकडच्या एका राज्यात एका खाजगी ग्रुपशी माझं जवळजवळ पक्कं झालं होतं. नेफ्रॉलॉजीचं काम एका छताखाली नसतं. सकाळी हॉस्पिटल, दुपारी क्लिनिक आणि आठवडाभर तीन-चार डायलिसिस सेंटरांच्या फेऱ्या. फॅमिली मेडिसिनवाल्याचा पत्ता बहुधा एकच, आमचे पाच. अर्जात प्रत्येक पत्ता लिहावा लागतो आणि तो टंचाईच्या हद्दीत आहे की नाही ते तपासलं जातं. त्या ग्रुपच्या पाचपैकी दोनच पत्ते हद्दीत बसत होते. 'बघू, काहीतरी करू' असं म्हणत त्यांनी मला दोन महिने झुलवलं. शेवटी मी स्वतःच्या पैशाने वकिलाला विचारलं. त्याने दहा मिनिटांत सांगितलं, हे होणार नाही. टंचाईच्या भागातले रुग्ण येत असतील तर हद्दीबाहेरच्या दवाखान्यांनाही तीसपैकी दहा जागा देता येतात, त्यांना 'फ्लेक्स' म्हणतात. पण स्पेशालिस्टांच्या त्यांच्यावर उड्या असतात.

नागपूरच्या मेडिकलच्या एका सीनियर ताईने तेव्हा सांगितलं, "जाहिरात बघू नकोस, नकाशा बघ." टंचाईचे भाग सरकारच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून कुणालाही बघता येतात. मी उलटा शोध सुरू केला. आधी जागा, मग तिथलं हॉस्पिटल, मग त्यांना किडनीचा डॉक्टर हवाय का. प्रत्येक राज्याचं प्रायमरी केअर ऑफिस असतं, तिथल्या माणसाला फोन करायचा. ही सरकारी माणसं फार उपयोगी पडली. गेल्या वर्षी जागा कधी संपल्या, स्पेशालिस्टांना देतात की आधी फॅमिली मेडिसिन आणि मानसोपचारवाल्यांना, कुठलं हॉस्पिटल कित्येक महिने माणूस शोधतंय, सगळं ते मोकळेपणाने सांगतात. टेक्सास, न्यू यॉर्कसारख्या मोठ्या राज्यांत झुंबड असते, तर काही विरळ वस्तीच्या राज्यांत जागा उरतातही. थ्री-आर-नेट आणि प्रॅक्टिसलिंक या नोकरीच्या संकेतस्थळांवरही मी नाव टाकलं होतं, पण खरं काम झालं फोनवर आणि ६३ ईमेलांच्या त्या एक्सेल शीटवर. त्यातल्या ४१ जणांनी उत्तरच दिलं नाही.

वेळेचं गणित कडक आहे. फेलोशिप ३० जूनला संपते, राज्यांचं नवं वर्ष बहुतेक ठिकाणी १ ऑक्टोबरला उघडतं. म्हणजे शेवटच्या वर्षाच्या सप्टेंबरात सही केलेला करार हातात हवा. तिथून अर्ज राज्याकडे, राज्याची शिफारस वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याकडे, तिथून इमिग्रेशनकडे, मग हॉस्पिटल एच-१बी भरणार, आणि मधल्या काळात त्या राज्याचं लायसन्स. दोन वर्षांची फेलोशिप असेल तर पहिल्या दिवाळीच्या आतच शोध सुरू झालेला बरा. डायलिसिसचं मशीन कुठल्या बाजूने सुरू करतात ते कळायच्या आत नोकरी शोधायची, असा हा प्रकार.

इथल्या हॉस्पिटलने मला मुलाखतीला जानेवारीत बोलावलं. विमानातून उतरले तेव्हा नाकातले केस गोठले होते. घ्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, "आम्ही मुद्दाम हिवाळ्यातच बोलावतो. नंतर कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं." त्या एका वाक्यावर माझा निम्मा निर्णय झाला.

कराराबद्दल दोनच गोष्टी. विनाकारण ९० दिवसांच्या नोटिशीवर काढता येईल, असं कलम अनेक करारांत असतं. इतरांसाठी ते साधं कलम आहे, वेव्हरवाल्यासाठी तो गळ्याला फास आहे, कारण नोकरी गेली तर घाईघाईने दुसरी टंचाईची जागा शोधून तीन वर्षं पुरी करावी लागतात. दुसरं, सोडलंस तर अमुक लाख डॉलर भर, हा आकडा. तो वाचून घ्या, वकिलाकडूनच. नॉर्थ डकोटात नोकरी सोडल्यावर शेजारी प्रॅक्टिस करू नकोस अशी बंदी कायद्यानेच बाद ठरते, तेवढी एक डोकेदुखी वाचली.

आणि एक गोष्ट मला कुणीच आधी सांगितली नाही. माझ्या नवऱ्याला जे-२ वर, म्हणजे जे-१ वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, काम करता येत होतं, चांगली नोकरी होती. मी एच-१बीवर गेले आणि तो एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. माझ्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा एक ठरावीक टप्पा मंजूर होईपर्यंत त्याला काम करायची परवानगी नाही. इंजिनिअर माणूस वर्षभर घरी बसला. बर्फ उपसला, आणि मिनियापोलिसहून, म्हणजे पाचशे मैलांवरून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापायला शिकला. लोक कौतुक करतात. भाकरी चांगलीच होते, पण रात्री तो किती वेळ जागा असायचा ते मी पाहिलंय. नोकरी शोधताना हा हिशोब नवरा-बायकोने एकत्र बसून करावा.

भारतात एमडी, डीएम झालेले विचारतात, थेट स्पेशालिस्ट म्हणून येता येईल का? बहुतेक राज्यांत इथली रेसिडेन्सी केल्याशिवाय लायसन्स नाही. टेनेसीने २०२३ मध्ये परदेशात शिकलेल्यांसाठी तात्पुरत्या लायसन्सचा कायदा केला, इतर काही राज्यंही त्या वाटेवर आहेत. पण लायसन्सच्या पुढे व्हिसा आणि विमा कंपन्या आहेतच. त्यात सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बीवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. त्या आठवड्यात ज्युनियरांचे फोन थांबत नव्हते. अमेरिकेतच राहून जे-१ वरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ते लागू नाही, असं पुढच्या महिन्यात स्पष्ट झालं, तेव्हा कुठे ते जरा झोपले असतील. ग्रीन कार्डच्या भारतीयांच्या रांगेबद्दल लिहीत नाही. दहा वर्षांहून जुने अर्ज पुढे उभे आहेत, एवढं पुरे.

माझे कितीतरी पेशंट इथल्या मूळ रहिवाशांच्या रिझर्व्हेशनवरून येतात. मधुमेह, मग किडनी, मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस. काहींना त्यासाठी एका बाजूने नव्वद मैल, तेही बर्फातून, यावं लागतं. बीडच्या त्या केंद्रात एक आजी दर मंगळवारी बीपीच्या गोळ्या न्यायला यायची. मी रुजू झाले त्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "तुमी बी वरीसभरच ना, बाई?"

गेल्या बुधवारी सुया लावून झाल्यावर एका आजोबांनी माझ्या आधीच्या दोन डॉक्टरांची नावं बोटांवर मोजली, तिसरं बोट धरून ठेवलं आणि विचारलं, "तुमचं कुठलं वर्ष?"

"दुसरं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढलं आणि डोळे मिटले. मशीनवर अजून साडेतीन तास बाकी होते.