ठिपक्यांतून उमटलेलं नाव

ब्रिस्टलच्या आर्नोस व्हेल दफनभूमीतला हा माझा तिसरा मोसम. झुडपं छाटायचं मोठं काम आम्ही सप्टेंबर लागल्यावरच काढतो, कारण मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीचे दिवस असतात.

सप्टेंबर

राजा राममोहन रॉय यांच्या छत्रीभोवतीचा पाचोळा लोटला. त्यांची पुण्यतिथी 27 सप्टेंबरला. तिच्या जवळच्या रविवारी दरवर्षी इथे लोक जमतात. 1833 साली ब्रिस्टलजवळच्या स्टेपलटनला ते वारले, तेव्हा त्यांना तिथल्या बागेतच पुरलं होतं. पुढे 1843 मध्ये द्वारकानाथ टागोरांनी त्यांना इथे आणवलं आणि वर बाथच्या दगडाची छत्री बांधवली. वानवडीची शिंदे छत्री बघत मी लहानाची मोठी झाले. इथल्या सोबत्यांच्या तोंडी 'छत्री' हा शब्द जसाच्या तसा येतो तेव्हा मला फार आपलेपणा वाटतो.

ही 45 एकर जागा 1837 सालची. मागच्या शतकाच्या अखेरीला ती पार जंगलात बुडाली होती, वर बांधकामाची टांगती तलवार. आसपासच्या लोकांनी ती लढून राखली आणि 2003 मध्ये ती नगरपालिकेच्या ताब्यात आली. आज मी जिथे गुडघे टेकून बसते ती पायवाट त्या लोकांमुळे मोकळी आहे.

ऑक्टोबर

आयव्हीचे तीन आठवडे. ही वेल ओढून काढायची नाही, हे मी पहिल्या वर्षी दगडाचं नुकसान करून शिकले. एक फांदी हिसकली आणि तिच्या मुळांबरोबर दगडाचा तळहाताएवढा पापुद्रा उतरला. त्यावर दोन अक्षरं होती. ती आता कधीच वाचता येणार नाहीत, आणि त्या थडग्यापाशी गेले की अजून वाईट वाटतं. म्हणून आता बुंध्याशी कापते आणि वरची वेल महिनोन् महिने वाळू देते. मुळांची पकड सुटली की ती हलक्या हाताने निघते. धुण्याला नुसतं पाणी आणि मऊ ब्रश, खालून वर. तारेचा ब्रश आणि ब्लीच यांना अजिबात हात लावायचा नाही, कोणी काहीही सांगो.

नोव्हेंबर

खरी नोंद ही. गेल्या वर्षी कापलेली वेल उतरवली तर खाली संगमरवराची एक पाटी निघाली, वरवर पाहता कोरी. हात फिरवला तर बारीक भोकं लागली. शिशाची अक्षरं! व्हिक्टोरियन कारागीर अक्षराची खाच कोरून तिच्या तळाशी भोकं पाडत, मग त्यात शिसं ठोकून बसवत. पावसातल्या आम्लाने संगमरवर झिजतो, शिसं सुटून पडतं, उथळ खाचही पुसट होते. भोकं मात्र खोल असल्यामुळे टिकतात.

पाटीचं तोंड उत्तरेला, त्यामुळे तिच्यावर ऊन येतच नाही. सोबतच्या आजोबांनी आरसा धरून कडेने उजेड पाडला आणि मी फोटो काढले. घरी ते मोठे करून छापले, भोकांवर पेन्सिलने खुणा केल्या आणि ठिपक्यांच्या रांगोळीसारखे जोडत बसले. उभ्या रेषेत तीन ठिपके म्हणजे 'आय'. गोल फिरले तर 'ओ' किंवा 'सी', ते शेजारच्या अक्षरांवरून ठरवायचं. आधी 'वाइफ ऑफ' सुटलं. चार संध्याकाळींनी नवऱ्याचं आडनाव आलं, आणि तिचं स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी, परवा रात्री साडेअकराला. मी ते एकटीच मोठ्याने वाचलं. दफनभूमीच्या यादीसाठी ते लिहून दिलं आहे.

वय अडलं आहे. 41 की 47? दुसऱ्या आकड्याच्या माथ्यावर दगडाचा टवका उडालाय, नेमकी तिथलीच आडवी भोकं गेली असावीत. पुण्या-मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींत शिसं गळालेल्या पाट्या कोणी वाचल्या असतील, तर 1 आणि 7 ची खालची भोकं तुम्ही कशी वेगळी ओळखता ते कळवा. 7 चा पाय तिरका जातो, म्हणजे ठिपकेही तिरके पडायला हवेत. माझ्या फोटोत ते केसभरच कललेले दिसतात. पुढच्या कोरड्या शनिवारी आरसा घेऊन परत जाणार आहे.