टप्पे आणि घड्याळ

भांडवलशाहीच्या टप्प्यांचे तक्ते मला कधीच फारसे पटले नाहीत. आधी व्यापारी, मग औद्योगिक, मग मक्तेदारी, शेवटी वित्तीय. जणू एक गाडी सुटली की लगेच दुसरी फलाटाला लागते. आज दिवसभर डोक्यात घोळत होतं, की हेच सगळं कामगाराच्या वेळेवरून पाहिलं तर?

अठराव्या शतकात इंग्लंडमधले कितीतरी विणकर घरीच विणायचे. व्यापारी सूत द्यायचा, कापड न्यायचा, मजुरी नगावर. सोमवारी काम टाळलं आणि शनिवारी रात्र जागवली, तरी विचारणारं कोणी नाही. (पोटाची ओढाताण असायचीच, पण तास त्याचे.) व्यापाऱ्याचं दुखणं वेगळं: सूत मधल्यामध्ये गायब व्हायचं. 1777 मध्ये ब्रिटिश संसदेने लोकरी धंद्यासाठी कायदाच केला. निरीक्षक नेमले, घरांच्या झडत्यांची सोय केली. रिचर्ड आर्कराइट या इंग्लिश उद्योजकाची क्रॉमफर्डची सूतगिरणी 1771 ची. तिथल्या पाणचक्कीचं कौतुक सगळे करतात. मला गिरणीची घंटा आणि फाटक जास्त महत्त्वाचं वाटतं: तिथे तास मालकाचे झाले.

पुढे अमेरिकेतली फोर्ड मोटार कंपनी. 1913 मध्ये सुरू झालेल्या सरकत्या पट्ट्यामुळे चासी (मोटारीचा सांगाडा) जोडायचं काम साडेबारा तासांवरून दीड तासाच्या आसपास आलं, पण माणसं टिकेनात. जानेवारी 1914 मध्ये दिवसाला 5 डॉलर जाहीर झाले, आधीच्या दुपटीहून जास्त. त्याला अटी होत्या. दारू पितो का, बचत करतो का, हे बघायला कंपनीची माणसं थेट घरी यायची!

1971 मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं, 1973 मध्ये तेल भडकलं, आणि कायमची नोकरी मालकांना जड वाटू लागली. हा भाग सगळ्यांना पाठ आहे.

आता ॲपवरचं काम. गाडी स्वतःची, पैसे फेरीवर, वेळ म्हणे तुमची. करार थेट त्या विणकराचाच. फक्त त्या व्यापाऱ्याला विणकराच्या घरातलं दिसत नव्हतं, ॲपला प्रत्येक वळण दिसतं. म्हणून ‘इतिहासाची पुनरावृत्ती’ म्हणायला मी तयार नाही. इथे घरी विणणाऱ्याचा करार आणि गिरणीची नजर एकत्र आली आहे.

फेब्रुवारी 2021 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे उबरच्या चालकांच्या खटल्यात नेमका हाच गुंता होता: भाड्याची वाट पाहत काढलेला वेळ कोणाचा? ॲप सुरू आहे, चालक ठरलेल्या हद्दीत आहे आणि भाडं घ्यायला तयार आहे, तर तो वेळ कामाचा, असं न्यायालयाने ठरवलं.