खांदशेकणी आणि माझी डायरी

आमच्या यवतमाळकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खांदशेकणी असते. बैल धुऊन आणायचे, मग बाबा तूप कोमट करून त्यात हळद कालवायचे आणि पळसाच्या पानाने बैलाच्या खांद्यावर, म्हणजे नेमकं जिथे जू टेकतं तिथे, हळूहळू चोळायचे आणि त्याच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी लहानपणी तुपाची वाटी धरून उभी असायचे. तिथली कातडी जाड झालेली असायची, केस गेलेले असायचे, आणि बाबा तिथेच जास्त वेळ हात फिरवायचे.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझी डायरी. दोन वर्षांपूर्वी फार वाईट काळ चालला होता, रात्र रात्र झोप नाही, सगळ्यांवर चिडचिड, तेव्हा एका मैत्रिणीने सांगितलं की रोज झोपताना तीन चांगल्या गोष्टी लिही. मी लिहायला लागले. घर आहे, तब्येत चांगली आहे, नवरा समजूतदार आहे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी पण तेच. पंधरा दिवसांत हजेरी लावल्यासारखं झालं आणि मनात काहीच हलेना, मग बंद केलं.

नंतर कळलं की यातलं अर्धंच मी करत होते. मार्टिन सेलिगमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हा प्रयोग छापला, लोकांना एक आठवडा रोज रात्री तीन गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, पण त्यासोबत प्रत्येक गोष्ट *का* घडली तेही लिहायचं होतं. त्यांना बरं वाटल्याचा परिणाम सहा महिन्यांनीही दिसत होता. माझ्या मते सगळी गंमत त्या 'का'मध्येच आहे! कारण 'का' विचारलं की बहुतेक वेळा उत्तरात एखादा माणूस निघतो, त्याचे हात निघतात.

तेव्हाच मला बाबांचा तो हात आठवला. बाबा नुसतं 'बैल चांगला आहे' म्हणून थांबत नव्हते, त्याने वर्षभर ओझं नेमकं कुठे सोसलं ती जागा त्यांना माहीत होती.

म्हणून आता मी 'घर आहे' असं लिहीत नाही. मी लिहिते की आज पावसात पार्किंगमधून आत येताना वॉचमनकाकांनी छत्री धरली आणि त्यांचा स्वतःचा एक खांदा पूर्ण भिजला. रोज तीन होत नाहीत, कधी एकच होते, चालतं.

आणि एक, ते त्या माणसाला सांगायचंसुद्धा. आपल्याकडे घरच्या माणसाला 'धन्यवाद' म्हटलं की ते परकं वाटतं, 'आभार कसले मानतेस' म्हणतात, आणि ते मला पटतं पण. पण नेमकी गोष्ट सांगितली तर कुणालाच परकं वाटत नाही, हे मी करून बघितलंय.

मागच्या महिन्यात नांदेडला जायचं होतं, आमच्या पोळ्यांच्या मावशींनी पहाटे येऊन डबा करून दिला. परत आल्यावर त्यांना म्हटलं, मावशी, रात्री नऊ वाजता खाल्ल्या हो पोळ्या, तरी सकाळसारख्याच मऊ होत्या. त्या तव्यावरची पोळी उलटता उलटता थांबल्या, म्हणाल्या, "अगं तू लांब जाणार म्हणून कणीक दुधात भिजवली होती मी." सहा वर्षं त्या येतायत आमच्याकडे आणि दर प्रवासाला त्या असंच करत होत्या. मग दोघी ओट्यापाशी बराच वेळ बोलत उभ्या राहिलो, त्यांचं उजवं मनगट दुखतं हेही मला त्या दिवशीच कळलं.