आत्या, हा थांबत का नाही?

"आत्या, बटण सोडलं तरी हा दोन पावलं पुढे जातोच! गेम बिघडलाय तुझा."

भाचा तिसऱ्यांदा खिळ्यांवर पडला होता. लॅपटॉपवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया', १९८९ चा. मी मोठ्या कौतुकाने लावून दिलेला.

बिघडला नाही रे. हा गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला खरंच पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल काढली. धावणारा माणूस जागच्या जागी थबकतो का कधी? म्हणून तर कड्यावर उडी घेताना आमच्या पोटात गोळा यायचा.

त्याला हे पटलं नाही. "मग नवीन बनवायचा ना, नीट थांबणारा!"

रात्रभर तेच डोक्यात. चित्रं नवी करा, आवाज करा, माझी ना नाही. (जुन्या कॉम्प्युटरच्या आतल्या स्पीकरचा तो 'टुंई' कुणाला हवाय?) पण ती दोन पावलं काढली, तर उरतं काय? आरशातून बाहेर पडणारी राजपुत्राची सावलीच बघा. तेव्हाच्या कॉम्प्युटरच्या मेमरीत दुसरं पात्र मावेना, म्हणून त्याच चित्रांतून ती उभी केली. आज जागेची कमतरताच नाही, मग अशी सावली सुचेल का कुणाला?

पण खरं सांगू? ६० मिनिटांत राजकन्येला सोडवायला मलाही कधी जमलं नाही. सहावी-सातवी लेव्हल, की संपलं.

सकाळी चहा घेऊन आले तर भाचा पुन्हा लॅपटॉपसमोर. कड्याच्या दोन पावलं आधीच बटण सोडत होता.

तुमच्यापैकी कुणी सोडवली होती का हो राजकन्या?