नकाशावर न मावणारा बाण

बावीस वर्षं मी फळ्यावर एक निळा बाण काढत आले. दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा, चिलीकडून पेरूकडे. शेजारी लिहायचं : हम्बोल्ट, शीत प्रवाह. त्याखाली ठरलेलं उत्तर : ध्रुवाकडून थंड पाणी येतं, म्हणून किनाऱ्यावर वाळवंट, म्हणून समुद्रात भरपूर मासे. या दोन ‘म्हणून’च्या मध्ये काय घडतं, हे कुणी विचारायचं नाही. खरं सांगायचं तर कुणी विचारू नये असंच मला वाटायचं.

एका वर्षी नववीतल्या मुलीने विचारलं. तिच्यासमोर समुद्राच्या तापमानाचा रंगीत नकाशा होता. “बाई, थंड पाणी दक्षिणेकडून येतं, तर ते किनाऱ्याला चिकटूनच सगळ्यात थंड कसं? आणि विषुववृत्ताकडे येईपर्यंत तापत कसं नाही?”

मी म्हणाले, “उद्या सांगते.” शिक्षकाचं ‘उद्या’ म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र त्या रात्रीपासून वाचायला बसावंच लागलं.

उत्तर असं, की किनाऱ्यालगतच्या त्या थंड पाण्यातलं थोडंसंच पाणी दक्षिणेकडून येतं. बाकीचं खालून येतं.

ही चूक माझ्या एकटीची नाही, याचं मला फार समाधान वाटलं. 1802 मध्ये खुद्द हम्बोल्टने, म्हणजे ज्याचं नाव या प्रवाहाला आहे त्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने, पेरूच्या किनाऱ्यावर पाण्यात तापमापक बुडवला, तेव्हा उष्ण कटिबंधात असूनही पारा सोळा अंशांच्या आसपास थांबला. हा थंडावा ध्रुवाकडूनच आला असणार, असं त्यालाही वाटलं. याच प्रवासातून त्याने ग्वानोचे, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेचे, नमुने युरोपात नेले. तिथल्या बेटांवर तिचे डोंगर साचले होते आणि स्थानिक लोक ती खत म्हणून वापरत. म्हणजे एकाच साखळीची दोन टोकं त्या माणसाच्या हातात होती. मधल्या कड्या त्याच्या नजरेआड पाण्याखाली होत्या.

पहिली कडी बर्फात सापडली. 1893 ते 1896 या काळात नॉर्वेच्या नान्सेन या शोधप्रवाशाचं ‘फ्राम’ जहाज आर्क्टिकच्या बर्फात गोठून वाहत होतं. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता सतत थोडा उजवीकडे सरकतो, असं नान्सेनने टिपून ठेवलं. त्याचं गणित स्वीडनच्या एकमन या तरुण संशोधकाने सोडवलं. पृथ्वी फिरते म्हणून वरचा थर वाऱ्यापासून वळतो, खालचा थर त्याहून जास्त, त्याखालचा आणखी. सगळ्यांची बेरीज केली की वरचं वीस-पन्नास मीटर पाणी वाऱ्याशी काटकोनात सरकतं : उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे.

पेरूच्या किनाऱ्यावर वारा दक्षिणेकडून येतो. त्याच्याकडे पाठ करून उभं राहिलं की डाव्या हाताला खुला महासागर. वरचं पाणी तिकडे निघून जातं, आणि रिकामी जागा भरायला शंभर-दोनशे मीटर खालचं पाणी वर चढतं. याला अपवेलिंग म्हणतात. मला ‘उपळ’ हा शब्द वापरावासा वाटतो, पण पावसाळ्यात जमिनीला उपळ फुटतात ते खालच्या दाबाने. इथे खालून कुणी ढकलत नाही, वरचं निघून जातं म्हणून खालचं येतं. वेग दिवसाला जेमतेम काही मीटर. गोगलगाय हसेल!

पण वर येणारं हे पाणी म्हणजे खत आहे. समुद्रात जे मरतं ते बुडतं, कुजतं, आणि त्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट खाली विरघळून राहतं. वर ऊन आहे पण खत नाही, खाली खत आहे पण ऊन नाही. अपवेलिंगमध्ये या दोघांची गाठ पडते. डायटमसारखे वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फोफावतात, त्यांच्या जिवावर अँचोवी या छोट्या माशांचे थवे, आणि त्या थव्यांवर पाणकावळे, बूबी, पेलिकन. त्यांची विष्ठा बेटांवर पडते. ती धुऊन का जात नाही? कारण थंड समुद्रावरची हवाही थंड आणि जड राहते, वर चढत नाही. धुकं दाटतं, पण पाऊस पडत नाही. ज्या पाण्याने ते खत घडवलं, त्याच पाण्याने ते टिकवलं. माझे दोन्ही ‘म्हणून’ इथे जुळले आणि मी घरात एकटीच टाळी वाजवली.

पेरू-चिली, कॅलिफोर्निया, आफ्रिकेच्या वायव्येचा कॅनरी आणि नैर्ऋत्येचा बेंग्वेला : अपवेलिंगचे हे चार पट्टे महासागराच्या एक टक्काही नाहीत, पण समुद्रातल्या मासेमारीचा सुमारे पाचवा हिस्सा इथून येतो. अरबी समुद्रात सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांवर नैर्ऋत्य मोसमी वारे हेच काम करतात, फक्त हंगामी.

एल निनोत, म्हणजे काही वर्षांनी पेरूजवळचा समुद्र नेहमीपेक्षा उबदार होतो तेव्हा, काय होतं, हे मी चुकीचं शिकवायचे. वारा थांबतो, मासे संपतात, असं. प्रत्यक्षात किनाऱ्यावरचा वारा बऱ्याचदा चालूच असतो. पण वरचा उबदार थर इतका जाड होतो की उपसा होतो तोही त्यातलाच. पंप चालू, पाण्यात खत नाही. पेरूची अँचोवीची वर्षाची मासेमारी 1970 मध्ये एक कोटी वीस लाख टनांच्या वर गेली होती. 1973 मध्ये ती वीस लाखांच्याही खाली आली. बेसुमार मासेमारी आणि एल निनो, दोन्ही एकदम नडले.

सुपीकतेची दुसरी बाजूही आहे. एवढं सगळं पिकलं की कुजतंही तेवढंच, आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. 1997 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एलंड्स बे इथे श्वास कोंडलेले शेवंड पाण्याबाहेर चालत आले, सुमारे दोन हजार टन. शिवाय खालून येणाऱ्या पाण्यात कुजण्यातून आलेला कार्बन डायऑक्साइड असतो. वर आल्यावर त्यातला काही हवेत सुटतो, आणि उरलेल्याने पाणी आम्लतेकडे झुकतं, त्यात शिंपल्यांना कवच बांधणं अवघड जातं. ओरेगनच्या किनाऱ्यावर 2007 च्या सुमारास कालवांची पिल्लं मरू लागली त्यात या पाण्याचा हात होता. हवेशी त्याची शेवटची गाठ पडली होती त्याला पन्नासेक वर्षं झाली असावीत. म्हणजे आजच्या हवेतला कार्बन शोषून जे पाणी खाली जातंय, त्याची पाळी अजून यायची आहे.

तापमानवाढीने अपवेलिंग वाढेल की घटेल? सागरसंशोधक बाकन यांनी 1990 मध्ये मांडलं की जमीन समुद्रापेक्षा जास्त तापेल, दाबातला फरक वाढेल आणि वारे जोर धरतील. पण वरचा थर तापला की तो झाकणासारखा घट्टही बसतो. वारा जिंकतो की झाकण, हे प्रत्येक किनाऱ्यावर वेगळं दिसेल, असं मला वाटतं. फळ्यावर एका ‘म्हणून’मध्ये ते बसणार नाही.

त्या मुलीला मी तीन आठवड्यांनी उत्तर दिलं. अडचण एकच होती : खालून वर येणारा बाण सपाट नकाशावर काढायचा कसा? विज्ञानाच्या सरांनी सांगितलं, कागदातून आपल्याकडे येणारा बाण म्हणजे गोल आणि मध्ये ठिपका, कारण समोरून बाणाचं टोकच दिसतं. मी पेरूच्या किनाऱ्याने ओळीने सात-आठ गोल काढले, प्रत्येकात ठिपका, आणि समाधानाने वळले.

मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, ही कुठली शहरं?”