मळ्यात इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायची म्हणजे... (माझा अनुभव)

आमचं घर गावठाणात नाही, मळ्यात आहे, ओतूरपासून थोडं आत. हे आधीच सांगतो कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. गावठाणात सिंगल फेज (घरातल्या वापराची वीज) तरी दिवसभर असते, मळ्यात आपण शेतीच्या फीडरवर (शेतीसाठीची वेगळी लाइन), म्हणजे थ्री फेज, जिच्यावर पंप चालतात, ती आठ तास, तीही पाळीपाळीने कधी दिवसा कधी रात्री, आणि बाकी वेळ सिंगल फेज, राहिली तर.

गाडी सेकंडहँड घेतली, पुण्यात वापरलेली, ३० युनिटची बॅटरी. कागदावर रेंज तीनशेच्या वर, खरी मिळते १९०-२००, एसी लावून जरा पळवली तर त्याहून कमी. माझं रोजचं जाणंयेणं ५०-६० किलोमीटर, त्यामुळे रेंजची भीती मला कधीच नव्हती. भीती वाटायला हवी होती ती मीटरपासून शेडपर्यंतच्या वायरची, पण ते आधी कोण सांगतं?

पहिल्या रात्री घरच्या पाण्याच्या मोटारीच्या बोर्डवरच्या १५ अँपियरच्या सॉकेटला केबल लावली आणि चार्जरच्या डबीवर लाल लाइट. काढली, परत लावली, तरी लाल. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, त्याने मल्टिमीटरची एक पिन न्यूट्रलला आणि एक अर्थिंगला लावली तर ३८ व्होल्ट दाखवले. हसायलाच लागला. म्हणाला, "दादा, तुमचं अर्थिंग म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा आहे." फ्रीज-टीव्हीला हे चालून जातं, गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग नीट नसेल तर सुरूच होत नाही.

मग शेडमागे खड्डा घेतला, माणसाच्या उंचीएवढा, जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वरून दोन हंडे पाणी. परत मोजलं तर ३ व्होल्ट. हिरवा लाइट लागला तेव्हा आबा खाटेवरून उठून बघायला आले.

पण तीन दिवसांनी सॉकेट वितळला. जळका वास आला म्हणून बघितलं तर प्लग काळा पडलेला. १५ अँपियरचा साधा सॉकेट मोटार तासभर चालवायला ठीक आहे, गाडी आठ-नऊ तास सलग जवळपास पूर्ण करंट ओढते, त्यात मीटरपासून चाळीस मीटर जुनी अ‍ॅल्युमिनियमची वायर. शेवटी ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल ओढली, इंडस्ट्रियल सॉकेट, वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). खर्च दुखला, पण हा सगळ्यात आधी करायला हवा होता. बिलावर मंजूर भार १ किलोवॅट होता, चार्जर एकटाच ३.३ ओढतो, म्हणून टेस्ट रिपोर्ट जोडून भार वाढवायचा अर्ज दिला, कोटेशन भरलं, त्याला फार काही झालं नाही, चकरा झाल्या एवढंच. बरेच जण सुचवतात की शेतीपंपाच्या मीटरवर लाव, बिल येत नाही. नका लावू. ते कनेक्शन पंपासाठी आहे, तपासणीला सापडलात तर डोक्याला ताप.

एक गोष्ट मात्र वायर बदलूनही सुटली नाही. थ्री फेज आली की सगळ्या शिवारातले मोटारींचे ऑटो स्विच एकदम लागतात, डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एका झटक्यात सुरू, आणि घरातलं व्होल्टेज १६०-१७० पर्यंत खाली. चार्जिंग बंद. पहाटे चारला उठून बघावं तर ४१ टक्क्यांवर थांबलेली. आता मी वेळापत्रक भिंतीवर चिकटवलंय आणि सिंगल फेजच्या वेळातच गाडी लावतो. डीपीचा डीओ (फ्यूज) गेला की मग दोन दिवस सगळंच राम भरोसे, त्यासाठी बॅटरी ४० च्या खाली जाऊच देत नाही.

गाडी चालवायला मस्त आहे, त्यात वाद नाही. माळशेज घाट उतरताना पायथ्यापर्यंत चार्ज ३ टक्के वाढला होता, ब्रेकला जवळजवळ पाय लावला नाही. येताना चढाला त्याचे १४ टक्के वसूल झाले ते वेगळं. मागची सीट पाडली की टोमॅटोचे दहा क्रेट बसतात, म्हणजे दोनशे किलो.

असेच दहा क्रेट भरून नारायणगाव मार्केटला निघायचं होतं आणि गाडी मेली. बॅटरी ८० टक्के, पण स्क्रीन काळी, दार रिमोटने उघडेना. हेल्पलाइनवाला म्हणाला फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) चार तासांनी येईल. माल शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये टाकला. तोवर चार जण जमले, एकाने दोर पण आणला, ट्रॅक्टरने ओढून नेऊ, डिझेल गाड्या नाही का नेत. मी आडवा आलो. या गाडीत मोटार कायम चाकांना जोडलेली, चाकं फिरली की मोटार फिरते आणि करंट तयार करायला लागते, म्हणून मॅन्युअलमध्ये साफ लिहिलंय की पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. चिखलातून दहा फूट बाहेर काढणं वेगळं आणि वीस किलोमीटर नेणं वेगळं.

वायरमनलाच परत फोन. त्याने बॉनेट उघडून आतली छोटी १२ व्होल्टची बॅटरी मोजली, ९ पण नव्हते. मोठी बॅटरी भरलेली असली तरी गाडीला जागं करते ती ही छोटीच. ट्रॅक्टरची बॅटरी पण १२ व्होल्टची! ट्रॅक्टर बंद ठेवून दोन्ही बॅटऱ्यांना जंपर केबल लावली, स्क्रीन लागली, फ्लॅटबेडला नको म्हणून कळवलं. दोर आणणारा जरा नाराज दिसला.

ट्रॉली लावून ओढते का हे आता दर लग्नात कोणीतरी विचारतं. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर नको असं लिहिलंय, आणि लावला तरी रेंज निम्म्यावर येईल, हवेचा अडथळा आणि वजन दोन्ही. दहाच्या वर क्रेट असले की पिकअपच सांगतो, त्यात कमीपणा काय.

बिल म्हणाल तर महिन्याला दीड-पावणेदोनशे युनिट वाढले, ३०० युनिट ओलांडले की दर चढतो म्हणून गिझर बंद करून बंब पेटवतो. आणि मार्च लागला की अर्थिंगच्या खड्ड्यात रोज एक बादली पाणी, ते काम आबांनी स्वतःहून घेतलंय.