तुम्ही विचारलंत म्हणून: काडतुसं मी का भरत नाही

“दादा, रायफल स्वतः जुळवली, मग काडतुसं का स्वतः भरत नाही?”

रेंजवर येणारी पोरं विचारतात, कारखान्यातले सोबती विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणाही विचारतो. सगळ्यांनी मोबाइलवर तेच पाहिलेलं असतं: परदेशात कुठेतरी एक माणूस टेबलाशी बसून बंदुकीची दारू तोलतो, एकेक काडतूस हाताने भरतो आणि हजार यार्डांवरची लोखंडी पाटी वाजवून दाखवतो. मग माझ्याकडे वळून म्हणतात, तुम्हाला तर लेथ येते, मायक्रोमीटर रोज हातात असतो, तुम्हाला काय अवघड? आजवर मी कधी ‘कायदा आहे’ म्हणालो, कधी ‘आमच्या प्रकारात गरज नाही’ म्हणालो. दोन्ही खरं आहे. पण त्याने विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, आणि माझंही होत नाही. म्हणून एकदा सगळं सांगतो.

आधी सोपा भाग. मी पन्नास मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून, मारतो, पॉइंट टू टूच्या (०.२२ इंची) रायफलीने. या काडतुसाला वेगळा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, नसतो. पेटणारा मसाला पितळी केसच्या (काडतुसाच्या नळीच्या) बुडाच्या कडेत, आतल्या बाजूने, कारखान्यातच बसवलेला असतो. फायरिंग पिन ती कड चेपते आणि बार होतो. चेपलेली केस भंगारात. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला याच प्रकारात जगज्जेती झाली. स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्यपदक आणलं. दोघंही याच जातीच्या, कारखान्यात भरलेल्या काडतुसांवर खेळले. हाताने भरायला इथे जागाच नाही.

मग ‘जुळवली’ म्हणजे मी काय केलं? बॅरल आणि ॲक्शन (काडतूस धरून बार काढणारा लोखंडी भाग) जर्मन आहेत, एका ज्येष्ठ नेमबाजाकडून रीतसर परवान्यावर चढवून घेतलेले. लोखंडाला हात लावायचं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं. माझं काम लाकडाचं आणि मापाचं. पाडलेल्या एका वाड्याच्या तुळईतलं सागवान मिळालं, जितकं आक्रसायचं आणि वळायचं तितकं कधीच आक्रसून-वळून झालेलं. सागवानाला अंगचं तेल असतं. ॲक्शन जिथे टेकते तिथे इपॉक्सीचं बेडिंग, म्हणजे घट्ट बैठक, करायचं तर ते तेल इपॉक्सीला धरू देत नाही. ॲसिटोनने पुसायचं आणि तेल पुन्हा वर यायच्या आत भरायचं. बेडिंग बरोबर बसलं का, याची खूण बोटाला कळते. बॅरल आणि लाकूड यांच्या मधल्या फटीवर बोट ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने एक स्क्रू सैल करायचा. बोटाखाली बॅरल सरकल्यासारखी वाटली, तर ॲक्शन वाकून आवळली गेलेली आहे. काही हललं नाही, तर जमलं. माझ्या बोटाखाली जेव्हा काहीच हललं नाही, तेव्हाचा आनंद कुणाला सांगून समजेल असं मला वाटत नाही.

गालाखालच्या पट्टीचंही तसंच. डोळे मिटून रायफलीवर गाल टेकवायचा, मान पूर्ण सैल सोडायची, मग डोळे उघडायचे. मागच्या साइटच्या भोकातून पुढची रिंग मधोमध दिसली पाहिजे. नाही दिसली तर पट्टी हलवायची, मान नाही. लोक बॅरलची कंपनी विचारतात, किंमत विचारतात. गालाच्या पट्टीबद्दल कुणी विचारत नाही, आणि गुण तिथे जातात.

आणि काडतुसांच्या बाबतीत जे करता येतं ते मी करतोच, लॉट (एकाच वेळी बनलेली खेप) निवडतो. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ ची. एकाच कंपनीचं, एकाच रंगाचं खोकं, पण लॉट नंबर बदलला की माझी बॅरल रुसते. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही मागवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही: काउंट तोच, गिरणी तीच, पण सुताचा लॉट बदलला की मागावर धागा तुटायला लागतो. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ ईली या काडतूस कंपनीचं आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ या कंपनीचं टेस्ट सेंटर आहे. तिथे बॅरल शिकंज्यात धरून लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जो जमेल तो घेऊन जातात. आपल्याकडे जो लॉट आला त्यातून निवडायचं. तरी निवडायचं. मी पाच-सहा लॉटचं एकेक खोकं घेतो, वारा पडलेल्या सकाळी मारतो, कागद जपून ठेवतो. माझ्या गुणांत जी काही वाढ झाली ती या कागदांमुळे झाली, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

इथवर ऐकून पोरं म्हणतात, “पण लाँग रेंजचं काय? थ्री नॉट एटच्या (०.३०८ इंची) मोठ्या काडतुसाचं काय?”

त्या काडतुसाला बुडाच्या मधोमध वेगळा प्रायमर असतो, जुना काढून नवा बसवता येतो, म्हणून केस पुन्हा वापरता येते. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. तिथवर पोहोचायला थ्री नॉट एटच्या गोळीला दीड सेकंदाहून जास्त लागतो आणि तेवढ्यात ती कितीतरी फूट खाली येते. एका काडतुसाचा वेग दुसऱ्यापेक्षा थोडा कमी पडला, की वारा स्थिर असूनही त्याची गोळी टार्गेटवर वीतभर खाली लागते. म्हणून ती माणसं दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात, आणि एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग. केसेस वजनाने वेगळ्या लावतात, त्यांची लांबी सारखी करतात, गोळी किती खोल बसली ते मोजतात, आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद करतात. मी ते बघतो तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो. हे काम माझ्या स्वभावाचं आहे. उभा जन्म मी शतांश मिलिमीटरमध्ये काढलाय. मला जमणार नाही म्हणून मी करत नाही, असं कुणी समजू नये.

कायद्याचं म्हणाल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम स्पष्ट आहे: हत्यार किंवा दारूगोळा बनवायला, दुरुस्त करायला, तपासायला परवाना लागतो. विनापरवाना बनवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. “कुणाला कळतंय” म्हणणाऱ्याशी मी पुढे बोलत नाही. माझा परवाना गेला तर माझा एकट्याचा जाईल, पण माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक पोराचा अर्ज त्यानंतर संशयाने वाचला जाईल.

आणि आमचं ऊन. दारूच्या तापमानावर दाब अवलंबून असतो. थंडीत जुळवलेला, दाबाच्या काठावरचा दारूचा भार एप्रिलच्या दुपारी काठाच्या पलीकडे जाऊ शकतो. सोलापुरात पारा त्रेचाळीसवर जातो आणि उन्हात ठेवलेली पेटी त्याहून तापते. परदेशातल्या दारूच्या मापांच्या कोष्टकातला आकडा उचलून इथे चालवू म्हणणाऱ्याला मी हे दर वेळी सांगतो.

ही सगळी कारणं खरी आहेत. पण हे नियम उद्या बदलले, सोलापूरला हजार यार्डांची रेंज झाली, थंडगार खोली मिळाली, तरी माझा हात उचलेल का? या जागी आलो की मी विषय बदलतो. आज बदलत नाही.

माझे मामा मंगळवेढ्याकडचे. काळी रानं, शाळू. त्यांच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. ज्वारी निसवली की रानडुकरं येत, आणि मामा रात्री खोपीपाशी बसून बार काढत. डुकरं हुसकायची, एवढंच काम. दारूचं माप म्हणजे टॉनिकच्या बाटलीचं टोपण. एक टोपण दारू, वर चिंध्यांचा बोळा, थोडे छरे, गजाने ठासायचं. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं.

मी तेव्हा कॉलेजात होतो, एनसीसीत. एनसीसीच्या रायफलीवर दोन-चार ग्रुप चांगले, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या जवळ, पडले होते आणि आपल्याला बंदुकीतलं कळतं अशी माझी समजूत होती. त्या वर्षी मामांची काळी दारू संपली होती. गावातल्या कुणीतरी जुनी बारा बोअरची काडतुसं फोडून त्यातली दारू कागदाच्या पुडीत आणून दिली. ती वेगळी होती, हे मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. काळी दारू म्हणजे कोळशाच्या कणीसारखी. ही करड्या-हिरव्या चपट्या कपच्यांची, हलकी, बोटाला न लागणारी. मामांनी टोपण भरलं, बोटाने वरचं सारखं केलं आणि ओतलं. बॅटरी मी धरली होती. काडतुसातली ती धूर न करणारी दारू तेवढ्याच टोपणात किती पटीने जोर करते, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं, देणाऱ्यालाही नाही. तिचं टोपणाने माप होतच नाही.

बाराचा आवाज नेहमीचा नव्हता. नेहमीचा बार ‘धडाम्’ असा, लांब घुमत जाणारा. हा आखूड होता, टणक. नळी खालून, जिथे डावा हात धरतो तिथेच फाटली. धूर फार नव्हता, त्यामुळे मला सगळं लगेच दिसलं. मामा ओरडले नाहीत. त्यांनी डावा हात उजव्या हाताने छातीशी धरला आणि म्हणाले, “बॅटरी खाली कर.” मी खाली केली. मग मामी, मग गावातली जीप, मग रस्ता. मंगळवेढ्याहून सोलापूरच्या सिव्हिलला येईस्तोवर ते शुद्धीवर होते आणि खळ्यावर झाकण टाकलं का ते विचारत होते. मी पुढच्या सीटवर होतो. मागे वळून बघायचं मला धाडस होत नव्हतं, तरी मी बघत होतो. डाव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि तर्जनी राहिली.

त्या रात्रीनंतर मी कॉलेज संपेपर्यंत रायफलीला हात लावला नाही. नंतर परत आलो तो खेळ म्हणून, कागदावरच्या काळ्या वर्तुळासाठी, आणि मुद्दाम अशा काडतुसाकडे आलो ज्यात मला काही भरायचं नसतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ‘गरज नाही’ या माझ्या उत्तरामागे हे आहे.

आता तुम्ही म्हणाल, टोपणाने मोजणं आणि तराजूने मोजणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आहे ना. हेच मी स्वतःशी कितीदा बोललो. एनसीसीतला तो पोरगा माझ्याशी आजही भांडतो. म्हणतो, अज्ञानामुळे झालं ते ज्ञानाने टळतं, मग ज्ञानाला का घाबरतोस? कारखान्यात चाळीस फुटांवर बॉयलर असतो, तिथे घाबरत नाहीस. त्याच्या बोलण्यात मला खोट काढता येत नाही. मी त्याला एवढंच म्हणतो, की बॉयलरवर माझ्याआधी एक निरीक्षक सही करून गेलेला असतो. घरातल्या टेबलावर सही करणारा मी एकटाच. रात्री अकराला, दिवसभराच्या पाळीनंतर, एका केसमध्ये दारू दोनदा पडली का हे बघणाराही मीच.

तो पोरगा गप्प बसत नाही. तो म्हणतो, मग दोघांनी बसावं.

गंमत नाही सांगत, खुद्द मामा त्याच्या बाजूचे आहेत. मागच्या दिवाळीत त्यांनी माझी लॉटच्या कागदांची फाइल चाळली. पानं उलटायला त्यांना ती दोन बोटं पुरतात. फाइल मिटून म्हणाले, “आरं, तुझ्याकडं येवढा बारीक काटा हाय म्हणतोस. मग तू का न्हाई भरत? माझ्याकडं टोपण हुतं.” मी त्यांना कायदा सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कायद्याचं ठीक. पर तू माझ्यामुळं थांबला असशील तर थांबू नको.” मला त्यावर काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही.

मला वाटतं की देशात ज्यांना हे काम मनापासून शिकायचंय त्यांच्यासाठी संस्थेच्या छताखाली, परवान्याने, दोघांच्या देखरेखीत, नोंदवहीसकट सोय असावी. तशी मागणी करणारा अर्ज आला तर मी सही करीन. आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं, की अशा खोलीतली एक पुडी कुणाच्या तरी खिशातून एखाद्या खोपीपर्यंत पोहोचेल. दोन्ही गोष्टी मी एकाच दिवशी, एकाच तोंडाने बोललोय. ऐकणाऱ्यांनी मला धरसोडीचा म्हटलंय. म्हणू देत.

तेव्हा यापुढे रेंजवर हा प्रश्न आला तर मी हे लिहिलेलं वाचायला देणार आहे. लॉट टेस्टिंगला ज्याला यायचंय त्याने यावं, कागद मी देईन, स्क्रू मोजून आवळायचा टॉर्क रेंचही देईन. तशी खोली सोलापुरात कधी झालीच, तर तिचे नियम लिहायला मी बसेन. आत जाऊन पहिलं काडतूस भरेन का, ते मला आज सांगता येत नाही.